ससा अर्धाच राहू दे

पत्र : नमस्कार ताई, डोंबिवली पूर्वेला माझं छोटं पाळणाघर आहे. दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. खाली अंगण नाही, सगळं पार्किंग. २१ महिन्यांपासून ३३ महिन्यांपर्यंतची ९ मुलं, मी आणि मदतीला एक मावशी. रोज रात्री मोबाइलवर शोधून दुसऱ्या दिवशीची ॲक्टिव्हिटी ठरवते. परवा कापसाचा ससा करायचा होता. साडेअकरापर्यंत बसून ९ ससे कापले. सकाळी तीन-चार मिनिटांत दोघांनी कापूस तोंडात घातला, एकाने सशाचा कान फाडला आणि बाकीची मुलं उठून चपलांच्या कपाटाकडे गेली. शेवटी सगळे ससे मीच चिकटवले आणि ग्रुपवर फोटो टाकले. एक मुलगा चावतो. पालक रोज विचारतात, ‘आज काय शिकवलं?’ पाचनंतर मी इतकी दमते की टीव्ही लावून देते, त्याची लाज वाटते. एक मुलगी तर पाचपासून तिची छोटी बॅग पाठीला लावून दारातच उभी राहते, तिची आई साडेसातला येते. या वयाच्या मुलांना नक्की काय खेळायला द्यायचं? माझं काही चुकतंय का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं चपलांच्या कपाटाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, पण तुम्हाला हवं ते उत्तर तिथेच आहे. कपाटाशी गेलेली मुलं काय करत होती ते आठवून बघा. चपला बाहेर काढत असतील. मावशींच्या चपलेत पाय घालून चार पावलं चालत असतील. एखादी चप्पल परत फळीवर ठेवायची, ती पडली की पुन्हा ठेवायची, असं चाललं असेल. कुणी उठवलं नसतं तर बराच वेळ तिथेच रमली असती. दोन वर्षांच्या मुलाचा खेळ असाच असतो. काढायचं, भरायचं, ओतायचं, ढकलायचं, उचलून दुसरीकडे न्यायचं आणि मोठी माणसं करतात ते करून बघायचं. तेच ते, कितीही वेळा. बघणाऱ्याला कंटाळा येतो, त्यांना येत नाही. डब्यात चेंडू मावेल का, हा प्रश्न त्यांना दहाव्या वेळीही खरोखर पडलेला असतो.

सशाचं तसं नाही. शेवटी ससा होणार आहे हे डोक्यात धरून आत्ता कापूस चिकटवत बसायचं, एवढा लांबचा विचार या वयात होत नाही. ससा तुम्हाला हवा होता, पालकांना हवा होता. मुलांना कापूस हवा होता, ओढला की सुटणारा, फुंकला की उडणारा. (तोंडात गेला हे मात्र गंभीर आहे. कापूस या वयाला हातात द्यायचाच नाही.) तेव्हा चुकतंय का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की मेहनत तुम्ही भरपूर करताय, पण ती मुलं झोपल्यावर, रात्री होतेय. ते कापणं आजपासून बंद करा आणि झोपा. सकाळी तीन-चार गोष्टी जमिनीवर मांडा आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसा. मांडणं हे आपलं काम. खेळायचं कसं, ते मुलं ठरवतील. ससा अर्धा राहिला तर अर्धा राहू दे, आणि ग्रुपवर अर्ध्याचाच फोटो जाऊ दे.

पहिल्यांदा पाणी मांडा. तुमच्याकडे अंगण नाही, पण दोन पराती असतील. जमिनीवर जुनी चादर चौपदरी पसरा, वर परात ठेवा, तळ झाकेल आणि वर दोन बोटं येईल एवढंच पाणी घाला. वाट्या, चहाची गाळणी, छोटा तांब्या, प्लास्टिकचं नरसाळं, स्पंजचा एक मोठा तुकडा. एका परातीला दोन मुलं, फार तर तीन. नऊच्या नऊ मुलांना एकदम पाण्याशी बसवू नका. तुम्ही पाच मुलांबरोबर दोन परातींशी बसा, मावशी चार मुलांना घेऊन दुसऱ्या खोलीत दुसरं काही करतील, मग अदलाबदल. मुलं या वाटीतून त्या वाटीत ओततील, गाळणीत पाणी राहत नाही म्हणून पुन्हा भरतील, स्पंज पिळतील. पिळण्याने मनगट आणि बोटं तयार होतात. उद्या पेन्सिल धरायची ती याच बोटांनी.

मी लहान गटाला होते तेव्हा आमच्याकडे एक मुलगा तीन आठवडे पाण्याशिवाय कशाकडे वळला नाही. बोलायचाही नाही. त्याच्याजवळ बसून मी एवढंच म्हणत असे, ‘भरलं. सांडलं. अजून?’ एक दिवस वाटी काठोकाठ झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि ‘भल्लं’ म्हणाला. तुमच्याकडची मुलं आता दोन-दोन शब्द जोडायला लागली असतील किंवा लागतील. त्यांच्या हातात जे चाललंय त्याचेच शब्द त्यांच्या कानावर घाला, थोडे आणि सावकाश. ‘हा कोणता रंग? हे किती?’ अशी परीक्षा घेऊ नका. डोंबिवलीत तुमच्याकडे गुजराती, मल्याळी, हिंदी बोलणारी घरंही असणार. अशा प्रत्येक आईकडून त्यांच्या भाषेतले चार शब्द लिहून घ्या : पाणी, शू, झोप आणि पुरे. स्वतःचा शब्द दुसऱ्याच्या घरात ऐकू आला की मूल लवकर रुळतं.

पाण्याच्या बाबतीत एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. पाणी मांडलेलं असताना शेजारचं मोठं माणूस उठत नाही. दारावर बेल वाजली, कुकरची शिटी झाली, फोन आला, तरी नाही. उठायचंच असेल तर आधी परात रिकामी करायची. बाथरूममधल्या बादल्या कायम पालथ्या आणि बाथरूमचं दार बंद. बादलीत डोकावलेलं मूल तोल जाऊन आत पडलं तर त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही, आणि त्यासाठी बादली भरलेली असावी लागत नाही.

आता चावण्याचं. त्या मुलाला कुणी ‘चावरा’ म्हणू देऊ नका, मावशींनाही नाही आणि पालकांनाही नाही. या वयात राग शब्दांच्या आधी दातांपर्यंत पोचतो. एक आठवडा एका कागदावर नुसतं लिहून ठेवा, किती वाजता चावला, कुठे, आधी काय चाललं होतं. मला वाटतं, तुम्हाला दोन गोष्टी सापडतील. एक, जेवणाच्या आधीचा भुकेचा तास. दुसरी, एकच लाल ट्रक आणि तो हवा असलेली चार मुलं. अमेरिकेत मिनेसोटात मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने बालवाडीतल्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे खेळ बारकाईने बघून १९३२ मध्ये मांडलं होतं, की लहान मुलं पुष्कळदा एकमेकांशेजारी तोच खेळ खेळतात, पण एकमेकांबरोबर खेळत नाहीत. समांतर खेळ म्हणतात तो हाच. तुमच्या खोलीत तो रोज दिसत असेल. शेजाऱ्याच्या हातात आहे तेच मलाही हवं, ही त्या वयाची मैत्रीच आहे. म्हणून वेगवेगळी ९ खेळणी आणण्यापेक्षा एकसारखे चार डबे, एकसारख्या सहा वाट्या, एकाच रंगाचे चार ट्रक आणा. पुढच्या वेळी खेळण्यांचे पैसे काढाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

‘शेअर कर’ हा शब्दही काही दिवस बाजूला ठेवा. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याचं होईपर्यंत ती त्याची, आणि थांबलेल्याजवळ आपण बसायचं. ‘त्याचं झालं की तुझं. आपण थांबू.’ खरोखर झालं की वस्तू थांबलेल्याच्याच हातात गेली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी तो थांबणार नाही. आणि चावलाच तर आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्या, जागा साबण-पाण्याने धुवा, त्यावर गार फडकं ठेवा. चावलेल्याला त्याच्या उंचीला येऊन एकच वाक्य : ‘चावायचं नाही, दुखतं.’ लांब भाषण नको, उलटा चावा तर कधीच नको. दोन्ही घरांना त्याच दिवशी सांगा, पण कुणी चावलं त्याचं नाव सांगू नका.

त्या मुलाला, खरं तर सगळ्यांनाच, जड कामं हवी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की या वयाच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. वन बीएचकेमध्ये ती कुठून होणार, असं तुम्हाला वाटेल. गाद्या-उशांचा डोंगर करा, चढायचं आणि घरंगळायचं. फ्रिजचा किंवा टीव्हीचा रिकामा खोका कुणाकडून तरी मिळवा, पिना काढून टाका, आत दोन-तीन जुनी जाड पुस्तकं ठेवा आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढकलायला द्या. चटई गुंडाळणं, पाण्याने अर्धी भरलेली, बूच घट्ट लावलेली बाटली स्वयंपाकघरापर्यंत नेणं, ओल्या फडक्याने फरशी पुसणं. जेवणाआधीच्या त्या तासात हे मांडून बघा. अंगातली ताकद लागली की मुलं आपोआप निवतात. पावसाळ्यात तर याला पर्याय नाही.

तो खोका दोन दिवसांत लोकल होईल. तुमच्याकडच्या बहुतेक मुलांचे आई-बाबा रोज गाडी पकडतात, खेळात ते उतरणारच. चार पाट ओळीने ठेवा, खांद्याला जुन्या पर्स द्या आणि ‘पुढील स्टेशन ठाकुर्ली’ म्हणा. कुणी चढेल, कुणी लगेच उतरेल, कुणी नुसताच खांबाला धरल्यासारखा हात वर करून उभा राहील. नाटक बसवू नका. बाहुलीला आंघोळ घालणं, भातुकलीतला चहा, हेही असंच चालू द्या. पर्सच्या पट्ट्या आखूड ठेवा, गळ्यात अडकतील इतक्या लांब नकोत.

कणीक तर तुमच्याकडे रोज मळली जातेच. प्रत्येकाला सारखाच गोळा, सारखाच मोठा, नाहीतर भांडण. कुणाच्या घरी गव्हाची ॲलर्जी आहे का ते आधी विचारून घ्या. एकात हळद, एकात बिटाचा रस. एक-दोन छोटी पोळपाट-लाटणी असली तर उत्तम, नसली तर बोटांनी भोकं पाडणं आणि तुकडे तोडणं एवढ्यावरही मुलं खूश असतात. साचे देऊ नका, साचा आला की मुलं ‘ताई, तू कर’ म्हणायला लागतात. टिकावी म्हणून भरपूर मीठ घातलेली कणीक करायला सांगतात, ती या मुलांना देऊ नका. ही मुलं कणीक चाखतातच, आणि इतकं मीठ लहान जिवाला सोसत नाही. साधी करा आणि संध्याकाळी टाकून द्या.

त्याहून मला आवडतं ते खरं काम. मेथीची जुडी मधे ठेवा आणि पानं खुडायला बसवा. निम्मी देठं भाजीत येतील, येऊ देत. केळं सोलणं (वरचं टोक तुम्ही सोडवून द्या), नॅपकिनची घडी, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं. जेवताना ‘ही भाजी यांनी निवडली’ म्हटलं की ताटाकडे बघण्याची नजर बदलते.

रंगाच्या दिवशी मोठा खाकी कागद जमिनीला चिकटपट्टीने चिकटवा आणि बिटाचा रस, हळदीचं पाणी, वाटलेला पालक बोटांनी फासू द्या. मुलाचा हात धरून त्याच्याकडून फूल काढून घेऊ नका. गॅलरीच्या भिंतीला नुसत्या पाण्याचा ब्रश दिला तरी चालतो, भिंत काळपट होते, वाळते, पुन्हा रंगवता येते. पुस्तक वाचताना सगळ्यांनी गोल बसलंच पाहिजे, हा हट्ट सोडा. एक पुस्तक घेऊन तुम्ही चटईवर बसा आणि मोठ्याने वाचा. तीन मुलं येतील, दोन जातील. तेच पुस्तक दोन आठवडे वाचा.

डाळ, तांदूळ, राजमा, चिंचोके यांचे खेळ मोबाइलवर भरपूर दिसतात. ९ मुलं आणि दोन मोठी माणसं असताना ते मी मांडणार नाही. दाणा नाकात, कानात किंवा श्वासनलिकेत जायला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ पुरतो. एक सोपी परीक्षा आहे. टिश्यू रोल संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी जपून ठेवा आणि जी वस्तू तिच्यातून आत जाते ती या वयाला नाही. फुगे, गोट्या, लोहचुंबकाचे तुकडे नकोत. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी घरातच नकोत, गिळले तर ते पोटात फुगतात. गुंजांचा लाल-काळा रंग कितीही सुंदर असला तरी बी विषारी असते, ती ओवलेली शोभेची वस्तूही घरातून काढा. बटनासारखे गोल सेल असलेली खेळणी, रिमोट, वाजणारी भेटकार्डं मुलांच्या हाती लागू नयेत. असा सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. नवीन खेळणं घेताना आयएसआयचं चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते आपल्याकडे बंधनकारक आहे.

आता पालक. ‘आज काय शिकवलं?’ असं ते विचारतात, कारण दिवसभर मूल डोळ्यांआड असतं आणि त्यांना काहीतरी हातात हवं असतं. वर्कशीट देऊन ती भूक भागवू नका. रोज प्रत्येक मुलाचं एकच खरं वाक्य लिहा. ‘आज तिने गाळणीतून पाणी गळतं हे बघितलं आणि खाली वाटी धरली.’ ‘आज तो ट्रकसाठी थांबला.’ असं वाक्य मिळालेली आई ते रात्री दोनदा वाचते. तरीही कुणी एबीसीडीचा आग्रह धरला तर शांतपणे सांगा, की आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला पायाभूत टप्पासुद्धा तिसऱ्या वर्षापासून सुरू होतो आणि तोही खेळातून शिकण्याचाच आहे. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला. त्यातही महिन्यामहिन्यांनी मुलांशी काय बोलावं आणि काय खेळावं, हेच सांगितलं आहे.

तुम्हाला बळ यावं म्हणून एक सांगते. तुमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आज पालघरमध्ये असलेल्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी पानं, फुलं, खडे, शंख-शिंपले हातात घेतले आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. तुमची परात आणि मेथीची जुडी त्याच घरातली आहे. पालकांशी बोलताना तुम्ही खालच्या आवाजात बोलावं असं त्यात काहीच नाही.

राहिली संध्याकाळ. दिवसभर ९ मुलं सांभाळल्यावर पाचनंतर पाय गळणारच, त्या टीव्हीची लाज वाटून घेऊ नका. पण तो बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे दोन वर्षं पूर्ण न झालेल्यांना पडदा नकोच, आणि दोन वर्षांच्या मुलाला सगळ्या दिवसात मिळून तासाभरापेक्षा जास्त नको. घरी गेल्यावर मोबाइलही समोर येणार असतो. पाचनंतर नवीन काही मांडू नका. तोंड धुणं, पावडर, केस विंचरणं हे एकेकाचं आरशासमोर सावकाश करा, त्यालाच खेळ होऊ द्या. नंतर खोलीतला मोठा दिवा मालवून भिंतीवर टॉर्चचा उजेड पाडा, त्यात हाताची सावली. पलंगाच्या चादरीआड ‘बुवा... कुक!’ वीस वेळा. हे सगळं तुम्हाला बसून करता येतं, आणि तुमच्या पायांनाही ते हवंय. जमलं तर साडेपाच ते साडेसात एखादी कॉलेजची मुलगी मदतीला ठेवा. खेळण्यांऐवजी त्यावर पैसे खर्च झाले तरी हरकत नाही.

आणि ती बॅग लावून दारात उभी राहणारी. तिला दारातून ओढून आत आणू नका, बॅगही काढायला लावू नका. ती बॅग म्हणजे तिच्या आईने सकाळी दिलेला शब्द आहे. तिच्याशी खोटंही बोलू नका, ‘आई आत्ता येते’ असं साडेपाचला नको. ‘आधी दिवे लागतील, मग तू भात खाशील, मग आई’ असं सांगा, आणि त्याच क्रमाने होऊ द्या. तिचा खेळ तुम्हीच दाराशी घेऊन जा. दाराजवळ एक पाट ठेवा आणि चपलांच्या कपाटाचं काम तिच्याकडे सोपवा. ज्या मुलाचे आई-बाबा येतील त्याच्या चपला तिने काढून द्यायच्या. या वयाच्या मुलांना कुणाची चप्पल कुठली हे बरोबर माहीत असतं, आपल्यापेक्षा जास्त. आठ मुलं गेली की कपाटात तिची, तुमची आणि मावशींची जोडी उरेल. त्या सारख्या करून लावायला तिला सांगा, आणि मधे एका जोडीपुरती जागा मोकळी ठेवा. तिची आई दाराशी येऊन चपला काढेल तेव्हा त्या तिनेच उचलून तिथे ठेवायच्या आहेत.